आक्का आणि ठोकळे

दिवाळीत बँकेकडून शुभेच्छांचा ईमेल येतो. तुम्हालाही येत असेल. आपण तो उघडतसुद्धा नाही. आमच्या आक्का त्याला उत्तर लिहायच्या. 'आपल्या शुभेच्छा पोचल्या. आपणांस व आपल्या घरच्या मंडळींस ही दिवाळी सुखाची जावो. कर्मचारी वर्गास वेळेवर सुट्टी द्यावी.' खाली स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा आणि कचेरीचा फोन नंबर. पाठवायचं बटण दाबलं की त्या खुर्चीत मागं रेलायच्या आणि चष्मा काढून पदराला पुसायच्या. चष्मा परत नाकावर बसायच्या आत बँकेकडून निरोप आलेला असायचा, की या पत्त्यावर आलेली पत्रं कुणी वाचत नाही.

"बघ सांगलीकर," आक्का म्हणायच्या, "दारात येऊन दिवाळीचं बोलून गेला, आन् आपण 'या' म्हणायला उठलो तर ह्यो बाहेरनं कडी लावून पसार."

सांगलीकर म्हणजे मी. सांगलीशेजारच्या माधवनगरला एका गिरणीत मी दप्तर सांभाळायचो. गिरणी बंद पडली आणि चाळिशी तोंडावर आलेली असताना मी पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. मुलाखतीत विचारलं, कॉम्प्युटर येतो का? मी म्हणालो, येतो. येत होता तो पत्त्यांचा खेळ, पण एवढ्या खोलात कुणी गेलं नाही. आक्का त्या कचेरीच्या मुख्य. पहिल्या दिवशी त्यांनी गाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्यानंतर माझं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं.

आता मी परत सांगलीला आलोय. आमच्या घरात मी आक्कांचं नाव काढलं की मुलगी मोबाईल उचलून आतल्या खोलीत जाते आणि बायको म्हणते, "चालू द्या, मी तोवर भाजी निवडते." भाजी निवडून, चिरून, फोडणीला पडली तरी माझी गोष्ट संपलेली नसते असा तिचा अनुभव आहे. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. निदान मध्येच कुणी उठून जाताना दिसणार तरी नाही.

आक्का मूळच्या माणदेशातल्या. वडील मेंढरं राखायचे. ही गोष्ट त्या लपवायच्या नाहीत आणि मिरवायच्याही नाहीत. कुणी विचारलं तर 'माझा बाप मेंढरामागं' असं, आपण 'माझे वडील पोस्टात' म्हणावं तसं सांगून मोकळ्या. काठाची सुती साडी, तिच्यावर फौजेतल्या भावाचा खाकी स्वेटर आणि पायात पांढरे कापडी बूट, मुलं खेळाच्या तासाला घालतात तसले. पाचगणीच्या ओलीत चपला सुटतात आणि पाय सरकतो, मग मी कुणासाठी पडू, असा त्यांचा सवाल. शाळेत बाकी सगळे कॉफी प्यायचे. आक्का थर्मासमधून हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज, आणायच्या आणि अकराच्या सुमाराला ते वाटीत ओतून फुंकत फुंकत प्यायच्या. मलाही द्यायच्या. मी नदीकाठचा माणूस, ऊस आणि केळी खाऊन वाढलेला. पहिल्या घोटाला मला वाटलं, ही काहीतरी शिक्षा असावी. पुढं सवय झाली. आता सांगलीत कुठं मिळत नाही म्हणून चुकल्यासारखं होतं, आणि बायकोला करायला सांगायची माझी छाती नाही.

स्ट्रॉबेरीवर मात्र त्यांचा राग होता. "आंबट ते आंबट, वर साखर पेरून खायची. मग साखरच खावा की."

त्यांचा एक नियम होता. शाळेला कुणीही काहीही विचारलं तरी त्याला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे. उत्तर ठाऊक नसेल तर 'आपले पत्र पोचले, उत्तर शोधत आहोत' एवढं तरी. बुटांच्या व्यापाऱ्याला उत्तर, चुकून दुसऱ्याच शाळेचा मेल आमच्याकडं आला तर त्यालाही उत्तर. ऐन परीक्षेत मुलाला मामाच्या लग्नाला न्यायचं म्हणणाऱ्या बापाला 'नाही' असं उत्तर आणि खाली 'वधूवरांस शुभाशीर्वाद'. नोकरीसाठी हातानं अर्ज लिहिणाऱ्या एका मुलाला त्यांनी कळवलं होतं, 'जागा नाही. अक्षर चांगले आहे.'

"न्हाई म्हणायचं," त्या मला शिकवायच्या, "पण म्हणायचं. गप बसायचं न्हाई. माणूस तिकडं उभा ऱ्हातो रं."

अशा बाईच्या टेबलावर जेव्हा ते नवे पाहुणे यायला लागले, तेव्हा काय झालं असेल बघा. वीज कंपनी, कुरियर, बँक, टेलिफोन, कसलं कसलं पोर्टल. बोलायला सगळे पुढं, ऐकायला कुणी नाही. आक्कांनी त्यांना नाव ठेवलं 'ठोकळे'. पण सगळे ठोकळे सारखे नव्हते. ज्याच्या तळाशी फोन नंबर असेल तो अर्धा ठोकळा. त्याला आक्का फोन लावायच्या. एक दाबा, दोन दाबा करत, मधलं संगीत ऐकत, शेवटी माणूस हाताला लागेपर्यंत त्या रिसीव्हर सोडायच्या नाहीत. एकदा वीज कंपनीच्या फोनवरचा पोरगा विट्याकडचा निघाला. आक्कांनी त्याला जेवलास का, पगार वेळेवर होतो का, सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "बाळा, तुझ्या सायबाला म्हणावं, माणसं लिवत्यात तुमाला. एक टेबल ठेवा तिथं." पोरगा हो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला साहेब कधी दिसला असेल असं मला वाटत नाही.

एकदा एका कंपनीचा मेल आला, 'आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे.' तळाशी लिहिलेलं, 'या मेलला उत्तर देऊ नये.' आक्कांनी मला तो दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. मग शांतपणे म्हणाल्या, "ह्याची सोय करायला पायजे."

सोय म्हणजे गाळणी. आलेल्या मेलमधून ठोकळे आपोआप गाळून एका वेगळ्या कप्प्यात टाकायचे. हे काम साहजिकच माझ्याकडं आलं, कारण मला कॉम्प्युटर येत होता. मी बरेच दिवस गंभीर चेहऱ्यानं पडद्यासमोर बसलो. ज्यांच्या पत्त्यात 'नोरिप्लाय' असं जोडून लिहिलेलं असेल ते गाळायचं मला जमलं. पण काहींनी मध्ये आडवी रेघ घातलेली, काही 'डू नॉट रिप्लाय', काहींच्या पत्त्यावरून तर काही कळायचंच नाही. माझ्या गाळणीतून निम्मे ठोकळे खाली यायचे.

शेवटी एका दुपारी आक्कांनी मला उठवलं आणि स्वतः बसल्या. दोन बोटांनी टायपिंग, प्रत्येक अक्षराआधी कीबोर्डवर शोध. संध्याकाळी उठल्या त्या हात झटकत.

"झालं. पत्ता बघूच नगं. ह्ये सगळे पत्राच्या तळाला स्वतःच लिवत्यात का न्हाई, रिप्लाय करू नका म्हणून? मग पत्रात 'रिप्लाय' असं कुठं बी दिसलं की टाक तिकडं. सांगून टाकलंय मशीनला."

मला ते इतकं पटलं की टाळी वाजवायचीच काय ती राहिली. खरोखर एकही ठोकळा सुटेना. सकाळी पेटी उघडली की फक्त माणसं. प्रिन्सिपल सर आत डोकावून म्हणाले, कचेरी हल्ली फार नीटनेटकी दिसते. आक्कांनी मान हलवली आणि मला त्या दिवशी दोन वाट्या माडगं मिळालं.

गाळलेल्या ठोकळ्यांचा समाचार शनिवारी दुपारी. शाळा लवकर सुटायची. मी एकेक वाचायचो आणि आक्का निकाल द्यायच्या. "आपले पार्सल मार्गस्थ झाले आहे," मी वाचायचो. "मार्गस्थ म्हंजी कुठं? वाईला का मेढ्याला? काढ." "आपला पासवर्ड लवकरच संपेल." "साखर हाय का संपायला? काढ." त्या शनिवारांची आठवण मला अजून येते. बाहेर दरीतून ढग वर चढत असायचे, खिडकीची काच धुरकट व्हायची, आणि आत आम्ही दोघं देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांना कचऱ्याची वाट दाखवत बसलेलो असायचो. कारकुनाच्या आयुष्यात सत्ता गाजवायचे प्रसंग थोडेच येतात.

मग प्रवेशाचे दिवस आले. कचेरीत पाय ठेवायला जागा नाही, शनिवारसुद्धा अर्ज तपासण्यात जायला लागले आणि ठोकळे तसेच साचत गेले.

आमच्या शाळेत पाचवीला एक जागा फौजी माणसाच्या मुलीसाठी राखलेली असायची. त्या वर्षी ती जागा आटपाडीच्या बाजूच्या एका वाडीतल्या मुलीला मिळाली. बाप सरहद्दीवर, आई मेंढरं आणि थोडं शेत बघणारी. आक्कांना ही निवड मनापासून आवडली होती, तोंडानं म्हणाल्या नाहीत तरी. शाळेनं बापाला मेल केला, की मुलीची निवड झाली आहे, अमक्या सोमवारपर्यंत होकार कळवावा. बाकी सगळ्या मुलांचे होकार आले. फौजीचा येईना. आक्का रोज विचारायच्या आणि रोज चिडायच्या.

"जागा मिळालीया, आन् तोंडातनं शब्द न्हाई. फौजेत माझा भाऊ बी हाय. तितं शिस्त शिकवत्यात म्हणं."

फोन लावला तर बंद. सोमवार जवळ आला. आदल्या शनिवारी गर्दी जरा ओसरली होती, म्हणून आक्का म्हणाल्या, चल, ठोकळे तरी साफ करू. मी वाचायला लागलो. बँक, काढ. कुरियर, काढ. वीज, काढ. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार."

"ह्यो कुठला ठोकळा?" आक्कांनी विचारलं.

तो फौजी होता. भाषा मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. त्यानं शाळेच्या मेलला लगोलग उत्तर दिलं होतं. मुलीला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, अर्जात लिहायला जागा नव्हती म्हणून आता सांगतो, तिला वर्गात पहिल्या बाकावर बसवता येईल का? तेवढं कळलं की होकार पाठवतो. शेवटी लिहिलं होतं, 'प्लीज रिप्लाय. जय हिंद.' त्याच्या मागं त्याचंच आणखी एक पत्र होतं, आणि त्याच्या मागं आणखी एक. तिसऱ्यात एवढंच होतं, की आता वर चौकीवर जातोय, तिथं फोन लागणार नाही, मॅडम, प्लीज रिप्लाय.

ज्यांनी पत्रात उत्तर मागितलं होतं, ते सगळे आक्कांच्या गाळणीत अडकले होते. तसे आणखी पाच-सहा पालक त्या कप्प्यात निघाले, पण त्यांनी वाट बघून फोन केले होते, भांडून घेतलं होतं, त्यांची कामं झाली होती. फौजीला फोन करता येत नव्हता.

आक्कांनी स्वेटरच्या बाह्या सरळ केल्या, उठल्या आणि तडक पाचवीच्या वर्गशिक्षकांकडं गेल्या. मी मागं. शिक्षक वह्या तपासत होते. आक्कांनी सगळं सांगितलं. "बसवू की," शिक्षक म्हणाले, "त्यात काय एवढं." आक्का खाली आल्या, फौजीला लिहिलं, 'आपल्या मुलीस पहिल्या बाकावर बसवण्यात येईल.' त्याच्या घरच्या नंबरवर फोन लावला, तोही लागेना.

"उद्या पहिल्या गाडीनं," त्या म्हणाल्या. "तू बी चल."

मी म्हणालो, आक्का, उद्या रविवार, मी सांगलीला जाणार होतो. त्या म्हणाल्या, "तिकडनं सांगली जवळच हाय." नकाशा बघितलात तर तुम्हाला कळेल, की हे खरं नाही.

पसरणीचा घाट उतरून गाडी वाईला आली तेव्हा आक्कांनी स्वेटर काढून पिशवीत घातला. औंधला त्यांनी खिडकीतूनच डोंगरावरच्या यमाईला हात जोडले. त्याच्या पुढं झाडं विरळ होत गेली, हवा तापत गेली आणि आक्का मात्र हळूहळू सैल होत गेल्या. पाचगणीत ज्या बाईचा पदर कधी खांद्यावरून हलला नाही, तिनं तो डोक्यावर घेतला आणि वडापच्या, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या, जीपमध्ये पाच माणसांच्या जागेत आठवी म्हणून आरामात बसली. मी नववा. माझं अर्धं अंग जीपच्या बाहेर होतं.

वाडीत पोचलो तर घराला कुलूप. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारबाबा बसले होते.

"आवं बाबा, ह्या फौजीच्या घरची कुठं हाय?"

"मेंढरामागं. त्या वड्याच्या पल्याड. सांजंला येतील."

सांजेपर्यंत थांबलो असतो तर परतीची गाडी गेली असती. मी घड्याळ बघितलं. आक्कांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, बूट सावरले आणि घरामागच्या उंचवट्यावर चढल्या. दोन्ही हात तोंडाला लावून त्यांनी हाळी दिली. कचेरीत टेलिफोनवर 'गुड मॉर्निंग' म्हणणाऱ्या बाईचा तो आवाज आहे हे मला क्षणभर खरं वाटेना. लांबलचक, सुरात, शेवटी उंच चढणारा. "फौजीच्या घरच्याऽऽ, पावनं आल्यातीऽऽ". तो माळावरून घरंगळत पार ओढ्यापलीकडं गेला. थोडा वेळ काहीच नाही. मग फार लांबून, एवढासा, पण स्वच्छ आवाज आला, "ओऽऽ".

आक्का खाली उतरल्या. "येतीया," म्हणाल्या आणि चष्मा मागून घेतला.

आई तिशीच्या आतबाहेरची होती. हातात काठी, तोंड उन्हानं तांबूस झालेलं. बरोबर मुलगी, आईच्या डाव्या हाताला चालत होती. त्यामुळं तिचा चांगला कान आईकडं राहत होता. हे माझ्या नंतर लक्षात आलं, आक्कांच्या लगेच आलं असणार.

"कोन म्हनायचं तुमी?"

"पाचगणीच्या शाळंतनं आले. तुमच्या मालकांनी लिवलं हुतं आमाला."

"लिवलं हुतं. लय दिस झालं त्याला."

"व्हय."

"उत्तर न्हाई आलं."

"त्येच द्यायला आले."

बाईनं कुलूप काढलं, घोंगडं अंथरलं, शेळीच्या दुधाचा चहा ठेवला. आक्कांनी सांगितलं, की पहिला बाक देणार, सरांना विचारून आले, जागा उद्यापर्यंत राखलीय. बाई चुलीकडं तोंड करून ऐकत होती.

"पत्र माझ्याकडनं ऱ्हायलं," आक्का म्हणाल्या.

मला वाटलं, इथं आपण मदत करावी. मी म्हणालो, "म्हणजे त्याचं काय असतं वहिनी, मेलमध्ये रिप्लाय हा शब्द आला की ते मशीन…"

"तू गप," आक्का म्हणाल्या. "मशीनला मीच सांगितलं हुतं."

बाईनं चहा ओतला. "त्यांनी वर जायच्या आदी फोन केला हुता. म्हनले, शाळा काय बोलंना. मोठी शाळा हाय, आपल्यासंगं बोलत नसंल. मग मी हितल्या गुरुजींना इचारलं. गुरुजी म्हनले, जूनपतुर कशाला थांबायचं, उद्याच बसवतो म्होरं. बसवली बी. आता पाचवी हितंच."

"तुमची शाळा चांगलीच हाय," आक्का म्हणाल्या. "पण आमच्याकडं…"

मुलगी इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं आक्कांना विचारलं, "तितं घंटा जोरात वाजती का?"

"लय जोरात," आक्का म्हणाल्या. "पार खाली बाजारात ऐकू जाती."

मुलगी हसली. तिला यायचं होतं, हे मलासुद्धा कळलं. आईलाही कळलं असणार, कारण तिनं तिला पाणी आणायला आत पाठवलं आणि मग आवाज खाली घेऊन म्हणाली,

"आवं बाई, तुमी उनातानातनं आलासा, तुमाला मी वाईट म्हनत न्हाई. पन हिच्या बापाला तुमचं उत्तर मिळंना. तो तर वरडून सांगणारा गडी. उद्या हिनं तितं कुनाला काय इचारलं आन् कुनी ऐकलं न्हाई, तर ही कुनाला सांगंल?"

ज्या बाईकडं बँकेपासून बुटवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी उत्तर असायचं, ती बशीतला चहा परत कपात ओतायला लागली. मी दुसरीकडं बघितलं.

"त्यांचा फोन आला की सांगते, तुमी आलता म्हनून," बाई शेवटी म्हणाली. "काय ते त्येच ठरवतील."

परतीच्या गाडीत आक्का खिडकीकडं तोंड करून बसल्या. मी मुळात बोलका माणूस. त्या दिवशी औंधपासून साताऱ्यापर्यंत मी रस्त्याकडेच्या पाट्या वाचून काढल्या.

सोमवारी प्रिन्सिपल सरांनी विचारलं, फौजीच्या मुलीचं काय? यादीतल्या पुढच्या मुलीचे वडील रोज फोन करतायत.

"चार दिवस द्या सायब."

"आक्का, मुदत तुम्हीच घातली होती. उत्तर नाही याचा अर्थ त्यांना नको आहे."

"उत्तर न्हाई म्हंजी काय, ह्ये मला आदी ठावं हुतं," आक्का म्हणाल्या. "आता न्हाई."

सरांनी शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. आक्कांनी येऊन आधी ती गाळणी मोडली. सगळे ठोकळे धो धो परत पेटीत यायला लागले आणि आक्का एकेक उघडून, तळापर्यंत वाचून, मगच काढायला लागल्या. बँकेचं सुद्धा. कुरियरवाल्याचं सुद्धा. माडगं वाटीत निवून जायचं. मला म्हणायच्या, "मधी दडलेला असला तर?"

गुरुवारी दुपारी उत्तर आलं. मी मोठ्यानं वाचलं. 'आदरणीय मॅडम, आज खाली आलो, नेटवर्क मिळालं. तुमचं पत्र वाचलं. घरी फोन झाला. तुम्ही माळावर उभं राहून हाळी दिली असं मिसेस म्हणाली. आमच्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही. पण मुलगी गावातच राहू दे. तिच्या आईचं म्हणणं मला पटलं. जागा दुसऱ्या मुलीला द्यावी. जय हिंद.'

आक्कांनी स्वतः उत्तर टाइप केलं, दोन बोटांनी. 'आपले पत्र पोचले. मजकूर समजला. मुलीस आशीर्वाद.' मग यादीतल्या पुढच्या मुलीच्या वडिलांना फोन केला. ते इतके खूश झाले की त्यांचा आवाज मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता. आक्कांनी त्यांचं अभिनंदन केलं, जूनमध्ये काय काय आणायचं ते सांगितलं आणि रिसीव्हर ठेवला.

आता आक्का गावी असतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. भाच्यानं फोन घेऊन दिलाय. नातलग आणि जुन्या ओळखीच्या माणसांच्या गटावर सकाळी सकाळी जे सूर्य आणि गुलाबाची फुलं येतात, त्यातल्या प्रत्येकाला आक्का वेगवेगळं 'पोचली' असं उत्तर पाठवतात. कंटाळून दोघातिघांनी गट सोडला म्हणे. मी सोडणार नाही. रोज सकाळी मी एक गुलाब पाठवतो आणि पोच आली की चहा घेतो. बायको म्हणते, तुम्हाला दुसरं काम नाही. खरंच नाही.

पण त्या गुरुवारचं राहिलं. फोन ठेवल्यावर आक्का उठल्या. मला वाटलं, झालं, आता माडगं घेतील. त्या म्हणाल्या, "सरांना बी सांगायला पायजे. बाक राखून ठेवला असंल त्यांनी." आणि आम्ही जिना चढून पाचवीच्या वर्गावर गेलो.

तास नुकताच सुटला होता. शिक्षक फळा पुसत होते.

"सर," आक्का म्हणाल्या, "त्या पहिल्या बाकाचं आता ऱ्हाऊ द्या. ती पोरगी न्हाई येत."

शिक्षकांनी डस्टर खाली ठेवलं आणि आमच्याकडं बघितलं. चांगला माणूस होता. मुलं त्याच्यावर जीव टाकायची.

"कोणती पोरगी?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई," आक्का म्हणाल्या आणि वळल्या. जिन्याच्या मधल्या वळणावर, खिडकीशी, त्या कठडा धरून थांबल्या.

"सांगलीकर."

"काय आक्का?"

"त्या बाईनं बराबर केलं."

मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो.

"व्हय म्हण की," आक्का म्हणाल्या.

"व्हय," मी म्हणालो, आणि मग त्या पुढची पायरी उतरल्या.